मुलाने आधी आपल्याला सांगावं म्हणून

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये शाळांना टाळं लागलं आणि वर्ग फोनवर आले. दहावी होईपर्यंत मोबाइल मिळणार नाही, असं ठामपणे सांगणाऱ्या घरांतही तिसरी-चौथीतल्या मुलांच्या हाती फोन आला. कुणी उसनवारी करून नवा घेतला, कुणी जुना दुरुस्त करून दिला, कुठे वडील कामावरून परतल्यावर रात्री आठ वाजता मुलं दिवसभराचा अभ्यास उतरवून घेऊ लागली. डेटा तर २०१६ पासून स्वस्त झालेलाच होता. पुढे शाळा उघडल्या, वर्ग भरू लागले, पण फोन मुलांच्या हातातच राहिला. ज्या घाईत तो दिला गेला, त्या घाईत एक काम मागे पडलं. तिथे कोण कोण भेटतं, कुणाला काय सांगायचं, काय सांगायचं नाही, काही विपरीत घडलं तर कुणाकडे जायचं, हे मुलांना कुणी बसवून शिकवलंच नाही. त्या मागे पडलेल्या कामासाठी हे पुस्तक आहे.

हे काम किती बाकी आहे, याचा अंदाज 'प्रथम' संस्थेच्या 'असर २०२४' या अहवालावरून येतो. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी एखादं खातं ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्के मुलांना ठाऊक होतं, आणि आपलं प्रोफाइल खासगी कसं ठेवायचं हे ५५ टक्क्यांना. म्हणजे साधारण दहांतल्या चार मुलांना, त्रास देणाऱ्याला थांबवण्याची सर्वांत साधी सोयसुद्धा माहीत नाही. ही मुलं फोन रोज वापरतात, सराईतपणे वापरतात. सराव झाला म्हणजे शहाणपण आलं, असा आपला समज होऊन बसला आहे.

पालकसभेत हा विषय निघाला की बहुतेक आईवडील एकाच वाक्यापाशी थांबतात: "आम्हाला त्यातलं काही कळत नाही, पोरांनाच आमच्यापेक्षा जास्त येतं." यातलं अर्धंच खरं आहे. कोणतं बटण कुठे आहे हे मुलांना जास्त येतं. नवं ॲप ती दहा मिनिटांत हाताळतात, फोटोला फिल्टर लावतात, आजीच्या फोनची सेटिंग बदलून देतात. पण समोरचा माणूस इतका गोड का बोलतो आहे, फुकट देणाऱ्याला बदल्यात काय हवं असतं, घाई कोण करतं आणि कशासाठी करतं, "घरी सांगू नकोस" असं म्हणणाऱ्याच्या मनात काय असतं, हे ओळखायला चार पावसाळे जास्त पाहिलेले असावे लागतात. मंडईत भाजी विकणाऱ्या बाईला हे कळतं, एसटीच्या कंडक्टरला कळतं, बँकेतल्या कारकुनाला आणि रोजाने शेतावर जाणाऱ्यालाही कळतं. इंटरनेटवर मुलांवर जी संकटं येतात, त्यांतली बहुतेक शेवटी कुणा माणसाकडून येतात, आणि माणसं ओळखण्यात आईवडील मुलांच्या फार पुढे आहेत. फोन मुलाला कळतो, माणूस आईवडिलांना कळतो. दोघांनी शेजारी बसून आपापलं ज्ञान एकमेकांना द्यायचं, ही या पुस्तकाची मूळ कल्पना आहे.

एक प्रसंग जवळून पाहू. तो कल्पित आहे, पण असाच घडत असतो. सातवीतला एक मुलगा संध्याकाळी गेम खेळतो. चौघांच्या टीममध्ये एक अनोळखी खेळाडू येतो. तो उत्तम खेळतो, याला दोनदा वाचवतो, "भावा, भारी खेळतोस" म्हणतो. मग तो रोज भेटू लागतो. एक दिवस गेममधले डायमंड भेट देतो. बोलता बोलता विचारतो: शाळा कोणती, कितवीत आहेस, आई किती वाजता घरी येते. पुढे म्हणतो, इथे नीट बोलता येत नाही, व्हॉट्सॲप नंबर दे. नंबर मिळाल्यावर गप्पांचा विषय थोडा थोडा बदलत जातो. "हे आपल्या दोघांतच ठेव" हे वाक्य येतं. मग एक फोटो मागितला जातो. तो हाती आला की त्याच माणसाची भाषा पार फिरते: आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकतो, पैसे पाठव, नाहीतर तुझ्या बापाला दाखवतो.

यातली एकेक पायरी सुटी पाहिली तर मुलाला तिच्यात काही वावगं दिसत नाही. कौतुक सगळ्यांना आवडतं, भेट कुणी नाकारत नाही, नंबर तर मित्रांनाही देतोच. संकट दिसतं ते क्रम लावला की. आधी कौतुक, मग भेट, मग दुसऱ्या जागी बोलावणं, मग गुपित, मग फोटो. हा क्रम मुलाला आधीच सांगून ठेवला असेल तर तिसऱ्या पायरीवरच त्याच्या मनात शंका येते. "अनोळखी माणसाशी बोलू नको" एवढं सांगून भागत नाही, कारण पंधरा दिवस रोज सोबत खेळणारा माणूस मुलाच्या लेखी अनोळखी उरलेलाच नसतो. म्हणून या पुस्तकात जागोजागी असे क्रम उलगडून दाखवले आहेत: फसवणारा कसा सुरुवात करतो, कुठे वळण घेतो, कोणत्या वाक्यावर सावध व्हायचं.

आता त्या मुलाकडे परत येऊ. धमकी आली आहे. घरात आई स्वयंपाकघरात आहे, वडील बातम्या पाहत आहेत, आणि तो गप्प आहे. त्याला धमकी देणाऱ्याची भीती वाटते आहेच, पण आईवडिलांची त्याहून जास्त वाटते. फोन काढून घेतील, मारतील, "तुला सांगितलं होतं ना" म्हणतील, काकाला आणि मामाला सांगतील. मुलीच्या बाबतीत भीती आणखी पुढे जाते: क्लास बंद होईल, शाळा बंद होईल, लग्नाचं बोलणं सुरू होईल. 'असर'च्याच २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. ज्या मुलीला फोन इतक्या मुश्किलीने मिळतो, ती काही वाईट घडल्यावर तो गमावण्याच्या भीतीने तोंड मिटून बसते. धमकी देणाऱ्याला नेमकं हेच ठाऊक असतं. त्याचा सगळा धंदा मुलाच्या गप्प बसण्यावर चालतो. मूल घरी बोललं की त्याच्या हातातली निम्मी ताकद तिथल्या तिथे संपते.

म्हणूनच सगळ्या कुलपांच्या आणि पासवर्डांच्या आधी एक गोष्ट येते. काहीही झालं तरी मूल पहिल्यांदा आपल्याकडे येईल, एवढा विश्वास घरात असला पाहिजे. तो संकटाच्या दिवशी तयार होत नाही. मुलाने चुकून काचेचा ग्लास फोडला, परीक्षेत कमी गुण मिळवले, वर्गात भांडण केलं, तेव्हा आपण कसं वागलो, यावरून मूल अंदाज बांधत असतं. मूल घाबरत घाबरत काही सांगायला आलं, तर पहिलं वाक्य काय असावं याचा सराव आईवडिलांनी खरोखरच करून ठेवावा. "सांगितलंस ते फार बरं केलंस. यात तुझा दोष नाही. आता आपण मिळून बघू." रागावायचं असेल, काही समजावायचं असेल, तर त्याला पुढे पुष्कळ दिवस आहेत. त्या संध्याकाळी मुलाला शांत माणूस हवा असतो.

दुसरी वाट बंदीची, आणि ती अनेकांना सोपी वाटते. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली, आणि १० डिसेंबर २०२५ पासून ती लागू झाली. पालकांना या बातमीचा दिलासा वाटणं स्वाभाविक आहे. लहान मुलांना काही जागा बंदच असाव्यात, हे मलाही मान्य आहे. पण बंदी वेळ मिळवून देते, शिकवत नाही. सोळावं लागलं की मूल आत जाणारच, आणि तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसेल तर तो धोका फक्त पुढे ढकललेला असतो. आपल्या गावांत मुलांना विहिरीत पोहायला शिकवायची एक रीत होती. कमरेला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, बाप किंवा चुलता आधी स्वतः पाण्यात उतरायचा, आणि पोराचे हातपाय चालू लागले की डबा काढून घ्यायचा. विहिरीला कुंपण घालूनही मुलं बुडायची थांबली नसती. मोठं माणूस पाण्यात होतं म्हणून मूल तरंगायला शिकलं. इंटरनेटच्या बाबतीतही वयाची बंधनं, वेळेच्या मर्यादा, पालकांसाठीची ॲप्स हे सगळं त्या डब्यासारखं आहे. ते बांधायचंच, पण कधीतरी सोडायचं आहे हे लक्षात ठेवून.

मोठं माणूस सोबत असलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा सायरन वाजेल आणि दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. त्या वेळात मुलं अभ्यासाला बसतील आणि मोठे वाचतील, बोलतील. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, लोकांना समजावत राहिले. या गावाची गोष्ट महाराष्ट्राबाहेरही पोचली. मला त्यातली महत्त्वाची बाब ही वाटते की नियम गावाने मोठ्यांनाही लावून घेतला. आई मालिका पाहते आहे, बाबा रील्स सरकवत आहेत आणि मुलाला मात्र पुस्तक उघडायला सांगितलं आहे, हे तिथे चाललं नसतं. आपल्या घरात सायरन नसला तरी जेवणाच्या ताटावर फोन नाही आणि रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, हे दोन नियम पुष्कळ काम करतात. अट एकच, ते आईवडिलांनाही लागू असावेत.

मुलं आपल्या सांगण्यापेक्षा आपल्या वागण्यातून जास्त शिकतात, आणि इथे काही गोष्टी नीट तपासून पाहाव्या लागतील. बहुतेक समाजमाध्यमांवर खातं उघडायला किमान १३ वर्षांची अट असते. अकरा वर्षांच्या मुलीने हट्ट धरला की घरातलंच कुणीतरी जन्मसाल मागे करून खातं काढून देतं. त्यामुळे दोन गोष्टी होतात. नियम मोडून नंतर लपवायचा असतो, हे मुलीला घरातच समजतं. शिवाय ते ॲप तिला मोठं माणूस समजू लागतं. इन्स्टाग्रामने किशोरवयीन मुलांसाठी वेगळी खाती सुरू केली आहेत. त्यांत प्रोफाइल आपोआप खासगी राहतं आणि अनोळखी लोकांचे मेसेज अडवले जातात. पण जन्मसाल वीस वर्षांच्या मुलीचं टाकलं असेल तर या सोयी तिच्या वाट्याला येत नाहीत. भोपळा आपणच सोडून दिलेला असतो.

तसंच फोटोंचं. बारशापासून वाढदिवसापर्यंत मुलांचे फोटो आपण स्टेटसला ठेवतो. गणवेशावर शाळेचं नाव, मागे सोसायटीची पाटी, खाली मुलाचं पूर्ण नाव आणि वाढदिवसाची तारीख. अनोळखी माणसाने जे प्रश्न विचारले तर उत्तर देऊ नकोस असं मुलाला सांगायचं, त्या सगळ्यांची उत्तरं आपण आधीच देऊन ठेवलेली असतात. आज साध्या चेहऱ्याच्या फोटोवरून बनावट अश्लील चित्र तयार करणारी साधनं कुणाच्याही हाताशी आहेत. म्हणून फोटो टाकण्याआधी मुलाला "हा टाकू का?" असं विचारणं ही छोटी सवय फार मोलाची आहे. आपल्या फोटोवर आपला हक्क आहे आणि नाही म्हणता येतं, हे मूल त्यातूनच शिकतं, आणि उद्या दुसऱ्या कुणाला नाही म्हणायचं बळ त्याला तिथूनच येतं.

पैशांच्या बाबतीत सावधगिरी आणखी रोखठोक हवी. घरातल्या यूपीआयचा पिन मुलांना पाठ असतो, कारण किराणा दुकानात पैसे भरायला आपणच त्यांना पाठवतो. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनाच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, मूल ती कुतूहलाने उघडतं, आणि आलेले ओटीपी परस्पर भलत्याकडे जाऊ लागतात. ॲप फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्यायचं, पिन आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, पैसे मिळवण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही: हे तीन नियम आजीआजोबांसह सगळ्या घराने एकदम शिकावेत.

एवढं करूनही काही घडलंच, तर कायदा मुलाच्या बाजूने उभा आहे, आणि हे माहीत नसल्यामुळे कितीतरी घरं गप्प बसतात. आर्थिक फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करायचा. जितक्या लवकर कळवू तितकी पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक शोषणाची तक्रार नाव न देताही करता येते. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आज देशभर चालते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो. तो घेताना पोलिसांनी गणवेशात असायचं नसतं, शक्यतो महिला अधिकाऱ्याने तो घ्यायचा असतो, आणि मुलाची ओळख उघड करता येत नाही. पोलीस ठाण्याची पायरी चढायच्या विचाराने थबकणाऱ्या आईने हे नीट वाचावं. धमकी देणाऱ्याने पैसे मागितले तर देऊ नयेत, एकदा दिले की मागणी वाढतच जाते. चॅट पुसून टाकू नये, धमक्यांचे स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक जपून ठेवावी. मुलाचा तो फोटो मात्र नातेवाइकांना "पुरावा" म्हणून पाठवू नये.

तो फोटो पसरू नये म्हणूनही एक उपाय आहे. 'टेक इट डाउन' ही अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची मोफत सेवा आहे. १८ वर्षांखाली काढलेल्या फोटोसाठी ती नाव न सांगता वापरता येते. फोटो फोनमधून बाहेर जात नाही. त्याच्यापासून एक सांकेतिक ठसा बनतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारं चित्र आपल्या मंचावर शोधून काढून टाकतात. धास्तावलेल्या मुलाला "आता काहीच करता येणार नाही" असं वाटत असतं. करता येतं, हे त्याला दाखवून द्यायला हवं.

मुलग्यांच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मुलगी जपायची एवढ्यावरच आपण थांबतो, मुलग्याला वळण लावायचं राहून जातं. वर्गातल्या मुलीचा तसा फोटो पुढे पाठवणं, ग्रुपवर ठेवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असं साहित्य पाहणं आणि साठवणं यांबाबतही कठोर भूमिका घेतली. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा मोठं कारण मुलग्याला कळावं: त्या फोटोत एक माणूस आहे, आणि तिचा दिवस, तिची शाळा, तिचं घर आपल्या एका बोटाने उद्ध्वस्त होऊ शकतं. हे शिकवणं बापाचं काम आहे, आणि ते बापाने करावं.

ही सगळी जबाबदारी आईवडिलांवर टाकून बाकीच्यांनी हात झटकावेत, असं मुळीच म्हणायचं नाही. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईकडून रोज चॅट तपासण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. मुलांना तासन्‌तास खिळवून ठेवणारी रचना कंपन्यांनी केली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवायला व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. या तरतुदींची अंमलबजावणी नीट होते का, हे विचारत राहणं हेही पालकत्वच आहे. शाळांनी संगणकाच्या तासाला हा विषय आणावा, पालकसभेत गुणांइतकंच यावर बोलावं. तरीही रात्री अकरा वाजता मुलाच्या फोनवर धमकी येते तेव्हा कंपनी, शाळा आणि सरकार त्या खोलीत नसतात. आईवडील असतात.

पुस्तकाची मांडणी वयानुसार केली आहे. सहा वर्षांपर्यंत फोन मुलाच्या एकट्याच्या हाती देऊ नये, जे पाहायचं ते मांडीवर बसवून. दहापर्यंत घरातल्या मोकळ्या जागेत, ठरलेल्या वेळी, मोठ्यांच्या खात्यावरून. अकरा ते चौदा हा सर्वांत नाजूक काळ, म्हणून त्याला सर्वाधिक पानं दिली आहेत. पंधराच्या पुढे देखरेख कमी करत जायची आणि बोलणं वाढवत जायचं, मुलाच्या नकळत त्याचा फोन चाळायचा नाही. तपासणी करायची असेल तर ती सांगून, त्याच्यासमोर. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घरात एकत्र बसून करायचं एक काम दिलं आहे. ते एकट्याने वाचून सोडून देऊ नका, मुलाला शेजारी घ्या.

पहिलं काम आजच करण्यासारखं आहे. मुलाला म्हणा, "तुझा गेम मला खेळायला शिकव," किंवा "तू काय पाहतोस ते मला दाखव." अर्धा तास त्याला बोलू द्या, मध्ये टोकू नका, आणि शेवटी विचारा: "इथे कधी कुणी विचित्र वागलं तर तू काय करशील?" उत्तरात आपलं नाव आलं तर पाया भक्कम आहे. नाही आलं तर कुठून सुरुवात करायची, हे कळलं. पुढची पानं त्यासाठी आहेत.